कोंबड्याच्या पायाची माती

"भाजली? माती भाजली? कोणी सांगितलं होतं भाजायला?"

आमच्या अंगणात मातीवाल्या म्याडम ओरडत होत्या. एरवी त्या इतक्या हळू बोलायच्या, की जीपमध्ये त्यांनी 'थांबा' म्हटलं तर मी पुढच्या गावात थांबायचो. त्या दिवशी मात्र आवाज थेट आलापल्लीच्या लाकूड डेपोपर्यंत गेला आणि सागाच्या लठ्ठ्यांवर बसलेले कावळे उडाले. हे मला दोन माणसांनी सांगितलं. त्याआधी त्या दोघांना मी सांगितलं होतं.

म्याडमसमोर माझी सासू उभी होती. भामरागडहून एसटीने धक्के खात आली होती. हातात स्टीलचा नवाकोरा डबा, तोंडाला फडकं बांधलेला. डब्यात माती. पण साधी नाही. चाळलेली, सुपात पाखडलेली, पाण्यातून काढलेली, चटईवर वाळवलेली आणि शेवटी लोखंडी कढईत मंद आचेवर भाजलेली. रंग असा तांबूस आला होता आणि वास असा सुटला होता, की मी एक चिमूट तोंडात टाकून पाहिली. मीठ कमी होतं.

"आमच्या घरून कच्ची वस्तू कोणाले देत नाई आमी," सासू म्हणाली. "रस्त्यात कीड लागली असती तं?"

"मला कीडच पाहिजे होती हो," म्याडम म्हणाल्या आणि मटकन ओट्यावर बसल्या. "यात आता जिवंत काहीच नाही. ही राख आहे."

"राख कशी? नीट भाजली हाये," सासू म्हणाली.

आणि मी? मी खाटेवर, डावा पाय उशीवर ठेवून. त्या पायाचं काय करायचं, हे त्या डब्यातल्या मातीवर ठरणार होतं. ते कसं, हे सांगायचं तर पायापासून सुरुवात करावी लागते, आणि पायाची गोष्ट सुरू होते कोंबडबाजारात.

आमच्याकडे कोंबडबाजार भरत नाही. पोलीस विचारतात तेव्हा तर मुळीच भरत नाही. तर त्या न भरणाऱ्या बाजारात, मोहाच्या झाडांखाली, माझा कोंबडा उतरला होता. पायाला काती बांधलेली, म्हणजे वस्तऱ्यासारखी पातळ सुरी. असा कोंबडा एटापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत कोणाकडे नव्हता. तो चालायला लागला की मोर बाजूला व्हायचे. झुंज सुरू झाली, त्याने पहिली झेप घेतली, आणि ती घेतली उलटी, माझ्याकडे. माझी पोटरी उभी फाटली. समोरच्या कोंबड्याने पाहिलं, हा तर मालकालाही सोडत नाही, आणि तो मैदान सोडून जो पळाला तो जंगलात कुठे गेला, अजून सापडलेला नाही. म्हणजे झुंज मी जिंकलो. बायको ही गोष्ट सांगते तेव्हा नेमकं एवढंच वाक्य गाळते.

मी जीप चालवतो. आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, जिथे सवारी तिथे मी. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय, त्याला बसून राहायला सवड कुठली. दुकानातून गोळ्या आणल्या. ठणका गेला, गोळ्या बंद केल्या. पुन्हा सुजलं. मग शेजारच्याच्या तापातल्या उरलेल्या गोळ्या घेतल्या. मग साळ्याच्या दातदुखीतल्या. मग कोंबड्यांच्या पाण्यात टाकतात ती पिवळी भुकटी. कोंबड्याने केलेल्या जखमेला कोंबड्याचंच औषध लागू पडणार, असा माझा विचार होता, आणि त्यात काय चुकलं हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. जखम गोळ्या फुटाण्यासारख्या खाऊन पुन्हा आ वासायची. शेवटी बायकोने मला माझ्याच जीपमध्ये घालून, गाडी भावाला चालवायला लावून, चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरने जखमेतला पू तपासायला पाठवला. निकाल आला तेव्हा त्याने चष्मा काढला.

"भाऊ, तुमच्या जंतूला नेहमीचं एकही औषध लागत नाही. एक जुनं, जहाल औषध तेवढं शिल्लक आहे. ते भरती राहून शिरेतून घ्यावं लागेल, काही आठवडे. नाही घेतलं तर हे हाडात उतरेल, आणि मग पाय काढावा लागेल."

"एवढा तगडा कसा झाला तो?"

"तुम्हीच केलात. अर्धवट औषध घेतलं की कमजोर जंतू मरतात, दांडगे उरतात. पुन्हा अर्धवट घेतलं की दांडग्यांतले दांडगे उरतात. तुम्ही त्याला तालीम दिलीत."

डॉक्टर हे रागाने बोलला. पण आयुष्यभर कोंबडे तयार केलेल्या माणसाच्या कानाला ते कसं लागलं असेल, विचार करा. मी आजवर एवढी तालीम कोणालाच दिली नव्हती. भरती व्हायचं सोडून मी छाती काढत घरी आलो आणि जीपमध्ये बसेल त्याला सांगत सुटलो, की ज्याच्यापुढे चंद्रपूरच्या सगळ्या औषधांनी हात टेकले असा जंतू आपल्याकडे आहे. पुढच्या सीटसाठी भांडणारे लोक टपावर बसायला लागले.

त्याच दिवसांत म्याडमनी माझी जीप ठरवली. चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या संशोधन करायच्या आणि त्यासाठी आमच्या जंगलातून चमचा चमचा माती नेत. गावाबाहेरच्या वारुळाची, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, तळाची, सागाच्या बुंध्याची. चमचासुद्धा स्पिरिटने पुसून मातीत घालायच्या. मी विचारलं, मातीत घालायचा चमचा कशाला पुसता, तर म्हणाल्या, "चमच्याची घाण मातीला लागू नये म्हणून." मी लोकांना हे सांगितलं तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नाही, आणि हे तर खरं होतं.

रस्त्यात त्यांनी समजावलं. चमचाभर मातीत जंतूंची एवढी दाटी असते की नागपूर त्यापुढे ओसाड वाटेल. जागेसाठी, खाण्यासाठी त्यांच्यात सतत मारामारी. एकमेकांना मारायला ते विष तयार करतात, आणि माणसाने त्याच विषांची औषधं बनवली. आता जुनी औषधं बोथट झाली, म्हणून नव्या विषाचा शोध चाललाय.

"म्हणजे कोंबडबाजारच," मी म्हणालो.

"नाही," म्याडम म्हणाल्या. पुढच्या नाल्यापाशी त्या म्हणाल्या, "म्हणजे, तसंच."

त्यांना झुंजीला एक दांडगा जंतू हवाच होता. माझी सही घेऊन, डॉक्टरला विचारून, त्यांनी माझा नेला. नेताना स्पष्ट सांगितलं, "भाऊ, यातून काही निघालं तरी त्याचं औषध व्हायला वर्षानुवर्षं जातात. तुमच्या पायाला याचा उपयोग नाही. तुम्ही आधी भरती व्हा." मी मान हलवली. मला त्यातला 'दांडगा' एवढाच शब्द ऐकू आला होता.

आणि मग जो बाजार भरला, तसा आमच्या दोन जिल्ह्यांत कधी भरला नाही. म्याडम काचेच्या बशीत माझा जंतू सारवायच्या, आपण अंगण सारवतो तसा, आणि वर मातीतल्या एखाद्या जिवाचा ठिपका ठेवायच्या. त्या ठिपक्याने विष सोडलं तर भोवतालचा जंतू मरतो आणि चंद्राला पडतं तसं खळं पडतं. खळं पडलं तर माती जिंकली. नाही पडलं तर मी.

आलापल्लीच्या सागाची माती चीत पडली. बोडीचा गाळ पडला. एटापल्लीच्या डोंगराची माती पडली, तेव्हा तिकडचा एक जण आठवडी बाजारात माझ्याशी भांडायला आला.

"तुमच्या म्याडमनं आमची माती वरवरची नेली," तो म्हणाला. "वरची माती नवीन हाये. तिले काय समजते?"

"मंग खालची आण ना भाऊ. कोण नाई म्हणते?"

"आणतो. पाहून घेईन तुमच्या जंतूले."

त्याने खालची आणली. तीही पडली. गावोगावचे लोक पुड्या बांधून माती आणायला लागले. एकाने तर झुंजीआधी कोंबड्याला अंडं देतात तसं मातीत अंडं फोडून आणलं. म्याडम हात जोडायच्या, हे विज्ञान आहे, यात गावाची इज्जत वगैरे काही नसते, म्हणायच्या. लोक ऐकून घ्यायचे आणि पुडीवर गावाचं नाव जरा ठळक लिहायचे. मी बाजारात फिरलो की लोक विचारायचे, "भाऊ, आज कोण पडलं?" आमदारालाही कोणी इतक्या आपुलकीने काही विचारत नसेल.

एवढा मान असताना पाय दुखतो म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून मी म्हणत नव्हतो. पण एका चढावर क्लच दाबायला गेलो आणि पाय दबलाच नाही. पाय होता तिथेच, गुडघ्याखाली, पण माझं ऐकायला तयार नाही. भरलेली जीप मागे घसरली, ऐन झाडाच्या सावलीत थांबली. लोक उतरले आणि धक्का मारत वर घेऊन गेले. त्या लोकांत माझी बायकोही होती, बाजाराची पिशवी खांद्याला लावून धक्का मारणारी. घरी येऊन तिने पट्टी सोडली, पाहिलं, नाक जवळ नेऊन वास घेतला, आणि पट्टी परत बांधली.

"पाय कापला तं तुमच्या जंतूले कुठी ठेवसान?" ती म्हणाली.

मी पट्टीची गाठ चाचपली.

"एका तरी मातीनं त्याले हरवलं तं मुकाट्यानं भरती होसान का? सगळ्यायच्या समोर सांगा."

अंगणात शेजारी होते, धक्का मारून दमलेल्या सवाऱ्या होत्या. कोंबडबाजाराचा नियम सगळ्यांना माहीत. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा. तो त्याला पाळेल, विकेल नाहीतर शिजवेल, मालकाने मागे वळून पाहायचं नाही. जंतू हरला, की तो आणि ज्या पायात तो राहतो तो पाय, दोन्ही बायकोचे. मी "होईन" म्हणालो. हरणार नव्हतोच ना.

तिने पाण्याच्या टाकीवर चढून, तिथे नेटवर्क लागतं म्हणून, भामरागडला आईला फोन केला. म्हणाली, माहेरची माती आण, म्याडमले द्यायची हाये, जवायाचा पाय त्याच्यावर हाये.

माझ्या सासरी नदीत जाळं टाकून जगणारी माणसं. संगमाच्या काठावर घर. तिथून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू आधी वाळते, मग भाजली जाते. मासा भाजून, मोह भाजून, चिंचोके भाजून. कच्चं दिलं आणि पाहुण्याच्या घरी जाऊन त्यात अळी पडली, तर देणाऱ्याचं नाक जातं. जवायाचा पाय वाचवणारी माती तर त्यांनी किती निगुतीने भाजली असेल. सासूने सांगितलं, कढईजवळ ती स्वतः बसली होती, सुनेवर सोडलं नाही.

अशी ती भाजलेली माती घेऊन सासू पोचली, म्याडम ओरडल्या, आणि दुसरी आणावी म्हटलं तर सासू उतरली तीच शेवटची एसटी. मागे नदी पुलावरून गेली होती. भामरागडचा रस्ता बंद. आता ते गाव पाणी उतरेल तेव्हा पुन्हा जगात येणार.

बायको चुलीपाशी उभी होती. डब्याकडे पाहत होती. मी मनातल्या मनात जिंकलो होतो, आणि मला का कोण जाणे, तेवढी मजा येत नव्हती.

तेवढ्यात डालगं कलंडलं. सासूने जवायाला रस्सा पाजायला घरचा कोंबडा आणला होता, बांबूच्या डालग्यात घालून. आरडाओरडीने तो बिथरला, बाहेर पडला, आणि ओट्यावर म्याडमनी बाटल्या मांडायला अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरून पाटलासारखा चालत गेला. मागे चिखलाची पावलं उमटली. म्याडमचं ओरडणं अर्ध्यात थांबलं.

"हा कुठला?"

"आमच्या घरचा," सासू म्हणाली.

"वाटेत कुठे उतरला होता?"

"तो काऊन उतरन? तिकीट मी काढलं."

"म्हणजे पायाची माती तिकडचीच," म्याडम म्हणाल्या. "पकडा त्याला. पाय कुठे टेकू देऊ नका."

मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. कोंबडा छपराच्या कवेलूंवर गेला, शेजारच्या भाताच्या हंडीत गेला, एकदा तर माझ्या जीपच्या ड्रायव्हर सीटवर बसून त्याने स्टीअरिंगकडे पाहिलं. मी लंगडत धावलो, बायकोने पकडला. म्याडमनी हातमोजे चढवले. बंद बाटलीतलं, उकळून गार केलेलं पाणी काढलं आणि कोंबड्याचा एकेक पाय बाटलीवर धरून धुतला. नखाखालची माती बारीक काडीने कोरून काढली. पाण्याचा एक थेंब सांडू दिला नाही. अख्खी गल्ली कुडाला टेकून बघत होती.

"आली होती जवायाचे पाय धुवाले," सासू म्हणाली, "अन् इथी कोंबड्याचे धुऊन राह्यले."

"माह्या पायाले तं कोणी साधं पाणी नाई लावलं," मी म्हणालो.

"तुमच्या पायाचं पाणी टाकावं कुठी?" बायको म्हणाली. "नाली मरन."

मी हसलो. दोन जिल्ह्यांची माती ज्याने लोळवली, त्याच्यापुढे कोंबड्याच्या नखातली घाण उभी करणार. मी तर म्याडमना म्हणालो, उगाच काडी वाया घालवली.

काही दिवसांनी बायको टाकीवरून उतरली आणि तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. म्याडमनी फोटो पाठवला होता. गोल बशी, पांढरट सारवलेला माझा जंतू, मध्ये करडा ठिपका, आणि ठिपक्याभोवती रिकामं, स्वच्छ, गोल खळं. मी फोन उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. म्हटलं, उजेड पडला असेल. म्हटलं, काच पुसली नसेल.

बायकोने दारामागची पिशवी काढली. लुंगी, टॉवेल, पेला, ब्रश. पिशवी आजची नव्हती. ब्रशवर धूळ बसली होती. मी पिशवी घेतली आणि जीपच्या मागच्या सीटवर बसलो. चारचौघांत बोललेला शब्द, काय करता.

दवाखान्यात मला तेच औषध दिलं, जे डॉक्टरने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. शिरेतून, दिवसरात्र, थेंब थेंब. मळमळायचं, कान वाजायचे, रोज रक्त काढून मूत्रपिंडं तपासायचे. डॉक्टर जखम खरवडायचा तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडायचो की बाजूच्या वॉर्डातली माणसं आपणहून बरी होऊन घरी जायची. पाय राहिला. पोटरीत खड्डा पडला, त्यात पावसाळ्यात बेडूक सुखाने राहील. शेवटी जंतूचा मागमूस नाही असा निकाल आला, तेव्हा मी डॉक्टरला विचारलं, "लढला का थोडातरी?"

"नाही," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

घरी आलो तर सासू अजून आमच्याकडेच. भामरागडचा रस्ता काही मोकळा होत नव्हता. माझा पाय चालत परत आला म्हणून बायकोने जेवण ठेवलं. म्याडमना बोलावलं. भात, वांग्याची भाजी आणि कोंबड्याचा झणझणीत रस्सा. म्याडम नेहमी चिमणीसारखं खायच्या. त्या दिवशी नाकडोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत जेवल्या, रस्सा मागून घेतला, बोटं चाटली. सासूने त्यांच्या ताटात निवडून निवडून वाढलं. जवायापेक्षा जास्त. मी पाहत होतो.

दोन हाट, म्हणजे दोन आठवडी बाजार, उलटले असतील. म्याडम पुन्हा आल्या, पण माती घ्यायच्या तयारीने नाही. चेहरा उतरलेला. ओट्यावर बसून पाण्याचा पेला तसाच हातात धरून राहिल्या.

"भाऊ, कोंबड्याच्या पायातला तो जीव आठवतो ना," त्या म्हणाल्या. "त्याचं विष आतापर्यंतच्या कोणत्या औषधाशी जुळत नाहीये. नवीन असू शकतं. नसेलही. पण वीज गेली आणि फ्रीजमधला साठा वितळून खराब झाला. जो थोडा उरला, त्याने विष करणं सोडलंय. बशीत आयतं खातो, लढायला कोणी नाही. खळं पडत नाही आता."

मला पटलं. जिंकलेल्या कोंबड्याचं असंच होतं.

"पुन्हा तीच माती पाहिजे," म्याडम सासूला म्हणाल्या. "रस्ता सुटला की मी जाते. पण नेमकी जागा सांगा. तो कुठे उकरायचा?"

सासू सुकट निवडत बसली होती. "कुठी म्हणून सांगू? नदीवर जाये. जाळ्याखाली बसे. शेणखतात, लोकायच्या वाडीत, मसणाकडं. दिवसभर त्याचा पाय एका जागी नसे. त्यालेच माईत."

"मग त्यालाच द्या थोडा वेळ," म्याडम उभ्या राहिल्या. पिशवीतून हातमोजे काढले. "नखाच्या आत काही ना काही उरलं असेल. आणि रस्ता सुटला की त्याला घेऊनच जाऊ, तिथे सोडू, जिथे उकरेल तिथली माती घेऊ. कुठे आहे तो?"

मी जीपच्या टायरकडे पाहिलं. बायको चुलीतली राख सारखी करायला लागली. म्याडम हातमोजे घालून, हात वर धरून, आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

सासूने सुकटातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तंगडी तं तुमच्याच ताटात होती."